ड्यूटीचा डावा पाय

“भोंगा वाजला का लगाम माह्या हातात राहत नाही, मीच लगामाच्या हातात राहतो.”

बळीराम डेकाटे एवढं लांब वाक्य चारचौघांत एकदाच बोलला. सिहोऱ्याच्या संक्रांतीच्या जत्रेत, तांग्यांची शर्यत पहिल्यांदा जिंकला तेव्हा, डोक्यावर ढिला साफा आणि समोर माईक असताना. बोलून झाल्यावर त्याने माईककडे संशयाने पाहिलं. ते वाक्य त्या यंत्रानेच आपल्यातून ओढून काढलं, असं त्याला वाटलं असावं. एरवी तो घोडीशी बोलायचा आणि माणसांकडे पाहून मान हलवायचा. त्याची बायको शकू म्हणायची, “लग्नाच्या पहिल्या वर्षात हे माह्याशी जेवढं बोलले, तेवढं तिच्याशी एका खराऱ्यात बोलून टाकतात.”

अधारतालच्या नाक्यावर त्याचा तांगा उभा राही. सकाळची चार माणसं ठरलेली, चौघंही कारखान्यातली. पुढे बळीरामशेजारी लेथवर काम करणारा चंद्रशेखर, मागे बाकीचे तिघे. कारखान्याचा पहिला भोंगा झाला की तांगा सुटायचा आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत गेटवर पोहोचायचा. दुसरा भोंगा म्हणजे फाटक बंद आणि अर्धा दिवस गैरहजर. मधलं अंतर तीन मैलांहून थोडं जास्त.

ही तांबडी घोडी बळीरामने सिहोऱ्यातल्याच एकाकडून आणली होती. मोटारीच्या हॉर्नला बिचकते म्हणून त्या माणसाला ती नकोशी झाली होती. आवाजाला भिणाऱ्या या जनावराला बळीरामने एकच आवाज शिकवला. वर्षभरात अशी गत झाली की भोंग्याचा पहिला सूर हवेत चढायच्या आत घोडीचे कान उभे राहत, पोटावरचं कातडं थरथरे आणि तांगा हलू लागे. तीही चौखूर नाही. चौखूर उधळली असती तर मागचे तिघे रस्त्यावर सांडले असते. ती दुडकी चालायची, पण ती दुडकी अशी, की बाजूने जाणारे सायकलवाले पायडल मारायचं विसरून बघत राहायचे. कामगारांनीच तिचं नाव पाडलं, ड्यूटी.

“लक्ष्मी म्हना, हिरा म्हना,” शकू वैतागायची. “ड्यूटी हे काय घोडीचं नाव हाय?”

“भाभी,” चंद्रशेखर म्हणायचा, “आमच्या घरी लक्ष्मीले कोणी भीत नाही. ड्यूटीले सारे भितात.”

सिहोऱ्याच्या शर्यतीचा नियम या घोडीसाठीच केल्यासारखा होता. तांग्यात दोन माणसं बसलेली हवीत, आणि घोडा दुडकीच चालला पाहिजे. दुडकी मोडून चौखूर झाला, की तांगा थांबवायचा, जागच्या जागी एक पुरी गिरकी घ्यायची आणि मगच पुढे जायचं. सत्तर साली रुमाल पडताच बळीरामने तोंडानेच भोंगा वाजवला. लोक पोट धरधरून हसले, आणि हसणं थांबायच्या आत ड्यूटी मंडईच्या फाटकात होती. एकाहत्तर साली पुन्हा तेच. त्या फाटकाशी एक म्हातारा लिंब होता. तीनदा जिंकलेल्या जनावराची नाल त्याच्या खोडात ठोकायची रीत होती. खोडात तोवर चारच नाला होत्या, गंजून लाकडात निम्म्या बुडालेल्या. शकूने दुसऱ्या शर्यतीनंतर खोडाला हात लावून पाचवीची जागा नक्की करून टाकली.

कारण हे वेड मुळात तिचं होतं. बळीराम शर्यतीत जायचा तो शकूने सामान बांधून ठेवलेलं असायचं म्हणून. शकू काटोलकडची, पटावर म्हणजे बैलांच्या शर्यतीत वाढलेली. तिच्या माहेरी एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जायची: बापाचा पवळ्या बैल ऐन पटाच्या दिवशी लंगडत होता, बापाने तसाच जुंपला, आणि पवळ्याने पट मारला. ही गोष्ट सांगताना तिचा बाप उभा राहायचा. ऐकताना शकूही उभी राहायची.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला.

लढाई लागली होती. काचांना काळा कागद चिकटवायचा हुकूम निघाला होता. दुपारी तीनच्या सुमाराला शकूने बळीरामला हाक मारून घरात बोलावलं, वरच्या खिडकीला तिचा हात पुरत नव्हता. ड्यूटी दाराशी तांग्याला जुंपलेली, तोंडाला हरभऱ्यांचा तोबरा. तिला बांधलेलं नव्हतं. भोंग्याशिवाय ती जागची हलत नाही, या भरवशावर बळीरामने तिला चार वर्षांत कधी बांधलंच नव्हतं.

त्या दुपारी शहरात सायरनची चाचणी झाली.

बळीराम स्टुलावर उभा होता, हाताला खळ लागलेली. सूर चढू लागला आणि त्याचा चेहरा कागदासारखा काळाठिक्कर पडला. तो उतरून बाहेर येईस्तोवर दारात फक्त चाकांच्या खुणा होत्या.

ड्यूटी रिकामा तांगा घेऊन नेहमीच्या वाटेने नेहमीच्या ठिकाणी निघाली होती. सायरन थांबेना, म्हणजे उशीर होतोय, एवढंच तिला समजत असणार. नाल्याच्या पुलाशी चाक कठड्याला लागलं, तांगा आडवा झाला, एक दांडी मोडली. तरी ती गेली. चंद्रशेखरने तिला गेटवर पाहिलं. मोडका तांगा मागे फरफटत, तोंडाला तोबरा तसाच, तीन पायांवर उभी, तिच्या रोजच्या जागेवर. पुढचा डावा पाय तिने उचलून धरला होता, अनोळखी माणसाने सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा.

“तोबरा काढा हो तिचा,” म्हणत चंद्रशेखर पहारेकऱ्यासमोर रडला.

गुरांच्या कॉलेजातले डॉक्टर आले. पायामागची शीर त्यांनी दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत तपासली. “तुटलेली नाही. पण उसवली आहे. सकाळ-संध्याकाळ गार पाणी, पट्टी, आणि आठ महिने धावणं बंद. एकदा जरी उधळली, तरी मला बोलवू नका.”

नाक्यावरच्या जाणत्यांनी सांगितलं, डाग द्या. लोखंड तापवून पायावर चार रेघा, घोडा महिन्यात उभा. शकूलाही ते पटलं. तिच्या माहेरी हेच करत.

“नाही,” बळीराम म्हणाला.

“काहून नाही?”

“ती माह्या चुकीनं पडली. चटका तिले कायले?”

शकूने पट्टी भिजवायला घेतली. आणि खरं संकट तर दुसऱ्याच सकाळी कळलं. भोंगा वाजला. ड्यूटीने तबेल्यात दुखऱ्या पायावर उसळी घेतली, दोराला हिसडा दिला, गुडघ्यावर आली. मग दुसरा भोंगा. संध्याकाळी सुटीचा. मध्येच सायरन. ज्या आवाजावर ती धावायला शिकली होती, तो आवाज दिवसातून इतक्यांदा आभाळातून पडत होता, आणि आभाळाला बंद करायचं दार नव्हतं. घोडीला भोंगा ऐकू येणार नाही इतकं दूर, बरगीकडे न्यावं, तर हा पाय घेऊन ती वाटेतच संपली असती.

बळीरामने चार दिवस काहीच केलं नाही. फक्त भोंग्याच्या वेळी तिच्या मानेला मिठी घालून उभा राहायचा आणि तिच्याबरोबर स्वतःही हिसडे खायचा. पाचव्या दिवशी त्याच्या मुठीत हरभरे होते. भोंगा चढला, घोडी थरथरली, त्याने मूठ तिच्या ओठांशी उघडली. तिने खाल्ले नाहीत. सहाव्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी तिने थरथरत थरथरत एक दाणा उचलला.

“शके!” तो ओरडला. शकू हातातलं पीठ झटकत धावली, काहीतरी वाईट झालं असं समजून. “शके, खाल्ला! भोंग्यात खाल्ला!”

त्यानंतर दोघांनी पाळ्या लावल्या. सकाळी तो, दुपारी ती. बळीराम दुसऱ्याचा तांगा हाकायला गेला की शकू उशाला हरभऱ्याची पिशवी घेऊन तबेल्यातच आडवी व्हायची. आधी तिला या जनावराचा मत्सर वाटायचा, पण पायाची पट्टी बदलता बदलता कधीतरी तो गळून गेला. पायाची ऊब हाताच्या पंजाने मोजायला ती शिकली. फेब्रुवारीत ऊब कमी झाली. मार्चमध्ये भोंगा वाजला की ड्यूटी आधी पिशवीकडे बघू लागली. आणि मे महिन्यात एका सकाळी भोंगा वाजला, तेव्हा घोडीने मान खाली घातली, डोळे मिटले, आणि ओठ पुढे करून ती शांत उभी राहिली.

शकू आनंदाने ओरडणार होती. मग तिच्या लक्षात आलं, की ज्याच्यामुळे ही घोडी जिंकायची, ते आपण दोघांनी मिळून, मूठमूठ हरभरे चारून, तिच्यातून काढून टाकलं आहे.

पावसाळा संपता संपता ड्यूटी पुन्हा तांग्याला लागली. आता नवीच तऱ्हा. भोंगा वाजला की ती रस्त्याच्या मधोमध थांबायची आणि मागे वळून हरभरे मागायची. मागचे तिघे बोंबलायचे, “भैया, ड्यूटी संपावर गेली!” शेवटी बळीराम भोंग्याच्या पंधरा मिनिटं आधीच निघू लागला. चौघं जण आयुष्यात पहिल्यांदा कामावर लवकर पोहोचू लागले आणि त्याबद्दल त्याला रोज शिव्या देऊ लागले.

डिसेंबरात शकूने विषय काढला. “यंदा संक्रांतीले जायचं नं?”

बळीराम घोडीचा खूर मांडीवर घेऊन कोरत होता. “डॉक्टरले विचारतो.”

डॉक्टर म्हणाले, “दुडकी चालेल. पण तिच्या पावलाचा ठोका बदलला, की तिथल्या तिथे थांबायचं. एक पाऊलही पुढे नाही. आता उसवली तर शिवता येणार नाही.” बळीरामने मान हलवली. शकूनेही हलवली, पण तिच्या डोळ्यांपुढे लिंबाचं खोड होतं.

त्र्याहत्तरच्या संक्रांतीला सिहोऱ्याच्या रस्त्यावर नऊ तांगे उभे राहिले. दोन मैलांची दौड, शेवट मंडईचं फाटक. ड्यूटीच्या मागे मोकळ्या आसनावर चंद्रशेखर आणि शकू. तांग्यात बाई बसलेली पाहून लोकांनी शिट्ट्या मारल्या. शकूने पदर खोचला आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की शिट्ट्या विरल्या. शेजारच्या तांग्याला पांढरा घोडा होता, सिहोऱ्याच्या नथ्थूचा. दोन वर्षं हाच दुसरा येत होता आणि गेल्या वर्षी, ड्यूटी नसताना, पहिला.

“भाभी,” नथ्थू हसला, “यंदाही आमच्या घोड्याले तोंडाचा भोंगा आयकवनार का तुमचा नवरा?”

“तुह्या घोड्याले शेपूट दाखवू आमी,” शकू म्हणाली. “आयकायचं काय त्यात?”

तेवढ्यात जत्रेचे प्रमुख, मंडईतले व्यापारी भय्यासाहेब, लहान मुलासारखा हरखलेला चेहरा करून पुढे आले. त्यांच्या हातात फिरवायची मूठ असलेला एक लाल सायरन होता. “लड़ाई जीते हैं भाई! इस बार रूमाल-उमाल नहीं। इस बार दौड़ इससे छूटेगी!”

बळीरामने खिसा चाचपला. शकूने कमरेची हरभऱ्याची पिशवी घट्ट धरली.

भय्यासाहेबांनी मूठ फिरवली.

सायरन कारखान्याच्या भोंग्याहून चिरका होता आणि अगदी कानाजवळ होता. आठ घोड्यांनी असं काही कधी ऐकलं नव्हतं. ते भीतीने पांढरे डोळे करून सुटले, आठही, चौखूर. रस्त्यावर धुळीची भिंत उभी राहिली. आणि नववी घोडी जागच्या जागी उभी राहिली, मान खाली घातली, डोळे मिटले आणि ओठ पुढे केले.

 मग दोन हजार माणसं हसली.

“हाका नं!” शकू किंचाळली. “अहो, हाका! काय करून राहिले?”

बळीराम खाली उतरला होता. त्याने खिशातून मूठ काढली आणि ड्यूटीच्या ओठांशी उघडली. घोडी सावकाश चघळू लागली. “कबूल केलं हाय तिले,” तो म्हणाला. “खाऊ दे.” चंद्रशेखरने डोकं धरलं. शेवटचा दाणा संपला, तेव्हा बळीराम वर चढला आणि जिभेने टाळूवर एकच टिचकी वाजवली.

आणि ड्यूटी निघाली.

शकूने ती दुडकी शेकडो वेळा ऐकली होती, घरात चुलीपुढे बसून, रस्त्यावरून येताना. पण ही वेगळी होती. आधी ती बंद होणाऱ्या फाटकाच्या भीतीने धावायची. आता मागे काहीच नव्हतं. नुसता समोर रस्ता होता आणि तो तिला हवासा वाटत होता. चारी पावलं सुतारकामासारखी एकेक बसत होती. चाकं रस्त्याला टेकतात की नाही कळेना. धुळीतून पुढचे तांगे दिसू लागले, आणि काय दिसलं! चौखूर सुटल्याबद्दल पंच एकेकाला थांबवत होते आणि भेदरलेले घोडे रस्त्याच्या मधोमध गिरक्या घेत होते. एक उजवीकडून, एक डावीकडून, दोन एकमेकांत अडकून, गाडीवानांच्या शिव्यांसकट. ड्यूटी त्यांच्यामधून वाट काढत गेली, लग्नघरात पाटांच्या रांगेतून वाढपी जातो तशी. सहा मागे पडले. सातवाही मागे पडला.

“एकच राह्यला!” चंद्रशेखर उभा राहून ओरडला. “पांढरा! भैया, पांढरा!”

नथ्थूने आपली गिरकी केव्हाच संपवली होती. पांढरा घोडा शंभर पावलं पुढे होता. मग साठ. मग शकूला नथ्थूच्या पाठीवरचा घाम दिसू लागला. रस्त्याच्या कडेची माणसं आता हसत नव्हती, धावत होती. मंडईचं फाटक दिसलं, लिंब दिसला. चाकाला चाक लागलं. नथ्थूने मान वळवून पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरचं हसू पुसलं जाताना शकूने डोळे भरून पाहिलं. ड्यूटी एका चाकाने पुढे गेली. मग दोन हातांनी. शकू ओरडत होती, काय ते तिलाही माहीत नव्हतं. बहुधा बापाच्या बैलाचं नाव.

फाटक दोनशे पावलांवर राहिलं. आणि तेव्हा तिने ते ऐकलं.

टप, टप, टप, आणि एक टाप किंचित उशिरा. केसभर. दुसऱ्या कोणाला ऐकू आलं नसतं. शकूने ठरवलं, आपल्याला भास झाला. पुन्हा तेच. दोनशे पावलं, तिने मनात म्हटलं, दोनशेच, मग वर्षभर बस म्हणावं, जन्मभर बस म्हणावं.

बळीराम मागे झुकला. लगाम ताणला गेला.

“नका!” ती त्याच्या पाठीवर दोन्ही मुठींनी मारू लागली. “नका थांबवू! आलं नं फाटक! अहो, आलं!”

ड्यूटी थांबली. पांढरा घोडा बाजूने निघून गेला, आणि फाटकाशी आवाजाचा डोंगर कोसळला.

बळीराम उतरला, तिथेच, रस्त्याच्या मधोमध, आणि दांड्या सोडवू लागला. एक पाऊलही पुढे नाही. लोक भोवती जमले. कोणी शिव्या देत होतं, कोणी चंद्रशेखरला गदागदा हलवत होतं. बळीरामने चहाच्या टपरीवरून दोन घागरी उचलून आणल्या, न विचारता. शकू तांग्यातच बसून होती, रागाने दातओठ खात. मग ती उतरली, ते बळीरामला अजून दोन शब्द सुनवायला. पण वाकली घोडीच्या पायाशी. सवयच लागली होती. तिने पंजा शिरेवर ठेवला.

पाय गरम नव्हता. भाकरी तव्यावरून काढून बऱ्याच वेळाने हाताला लागते, एवढीच ऊब. आणखी दोनशे पावलांची जागा त्या उबेत नव्हती.

तिला पवळ्या आठवला. लंगड्या पायाने पट मारलेला. त्या बैलाचं पुढे काय झालं, हे घरात कोणी कधीच सांगितलं नव्हतं. बाप जिंकण्यापाशी उभा राहायचा आणि तिथेच गोष्ट संपायची. एवढ्या वर्षांत तिनेही विचारलं नव्हतं.

“घागर इकडे करा,” ती म्हणाली. “वरून वता, हळू.”

बळीरामने पाणी ओतलं. पाणी शकूच्या बोटांवरून घोडीच्या पायावर उतरत राहिलं.

बक्षिसाच्या मांडवात त्याला बोलवायला माणसावर माणूस येऊ लागला. शेवटी घोडीला चंद्रशेखरपाशी सोडून तो गेला, पाठोपाठ शकू. नथ्थूच्या गळ्यात हार होता, पण तो हारालाच अवघडून उभा होता. लोक ड्यूटीच्याच नावाने ओरडत होते. भय्यासाहेबांनी बळीरामच्या डोक्यावर साफा ठेवला आणि माईक ओढला.

“भाइयो! ऐसी दौड़ इस मंडी ने देखी नहीं। नथ्थू भी मानता है कि मज़ा अधूरा रह गया। तो कल सुबह आठ बजे, सिर्फ़ ये दो घोड़े! और अपनी ड्यूटी जीती, तो तीसरी जीत मानी जाएगी और नाल कल ही ठुकेगी, इसी नीम पर!”

मांडव उसळला. टोप्या उडाल्या. “बोलो बलीराम,” भय्यासाहेबांनी माईक त्याच्या तोंडाशी धरला, “कल आओगे ना? उस साल क्या बढ़िया बोले थे! बोलो!”

बळीरामने शकूकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेच्या बाजूला उभी होती, कोपरापर्यंत ओली. हजार माणसं तिच्या मागे ओरडत होती आणि तिच्या डाव्या हाताला तो लिंब होता, हात लांबवला असता तर खोडाला लागला असता. तिने तिकडे पाहिलं नाही. कमरेची हरभऱ्याची पिशवी सोडली आणि त्याच्यापुढे धरली.

बळीरामने साफा काढला. घडी नीट जमेना, तरी त्याने ती घातली, खुर्चीवर ठेवली, पायरी उतरून शकूच्या हातातली पिशवी घेतली आणि माईक तसाच चालू सोडून, एक शब्द न बोलता, तो मांडवाबाहेर, घोडीकडे निघून गेला.